ह्यांना जुनी वेगवान गाडी घ्यायची आहे? मग आधी तुम्ही पाहा

“अगं, एक गाडी आली आहे विकायला. जुनी आहे, पण काय पळते म्हणून सांगू! आणि किंमत ऐकशील तर नव्या स्कूटरपेक्षा थोडीच जास्त!”

मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्या घरात अजून ऐकू आलं नसेल, तर आज ना उद्या येईल. कधी ते यजमान बोलतात, कधी नुकता नोकरीला लागलेला मुलगा. हल्ली कितीतरी घरांत आपणच गाडी चालवतो, त्यामुळे हौस आपलीही असू शकते. त्यात वाईट काही नाही. पण या हौसेला पैसा कुठून येतो, ते आधी लक्षात घ्या. इतक्या जुन्या गाडीला बहुतेक बँका कर्ज देत नाहीत. म्हणजे पैसा येणार तो घरातल्या शिलकीतून. बँकेतली ठेव मोडून, भिशीचे पैसे उचलून, नाहीतर मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या रकमेतून. मग “गाडीतलं मला काय कळतंय!” म्हणून बाजूला बसून कसं चालेल? भाजी, साडी, दागिना पारखणाऱ्या बाईला गाडीही पारखता येते. काय पाहायचं ते मात्र माहीत हवं.

या गाड्या आहेत तरी कोणत्या?

दिसायला चार दारांची, मागे डिकी असलेली साधी घरगुती गाडी आणि पोटात मात्र दांडगं इंजिन, अशी ही जात. आपल्याकडे ती खरी रुजली १९९८ ते २००५ या काळात. होंडा सिटी आपल्याकडे १९९८ साली आली आणि पुढे तिचीच ‘व्हीटेक’ निघाली. तिचं इंजिन १०६ हॉर्सपॉवरचं. ज्यांचं बालपण प्रीमियर पद्मिनीत गेलं, त्यांना फरक लगेच कळेल, कारण पद्मिनीचं इंजिन होतं अवघं ४० हॉर्सपॉवरचं! त्याच सुमाराची ९२ हॉर्सपॉवरची फोर्ड आयकॉन १.६, हिंदुस्थान मोटर्सने तमिळनाडूत बनवलेली मित्सुबिशी लॅन्सर आणि या सगळ्यांच्या वरताण म्हणजे २००४ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. तिला टर्बो आणि ताकद १५० हॉर्सपॉवर. त्या काळी यांतली एखादी घेणं म्हणजे लाखांची गोष्ट होती. आज त्या थोडक्या पैशांत मिळतात, म्हणूनच तर मोह पडतो.

पण एक ध्यानात ठेवा. गाडी स्वस्त झाली, म्हणून तिचे सुटे भाग स्वस्त झालेले नाहीत. क्लच प्लेट, शॉकअप, टर्बो या वस्तूंची किंमत गाडीचं वय पाहून ठरत नाही. शिवाय मित्सुबिशीच्या मोटारी इथे बनणं केव्हाच थांबलं आणि फोर्डनेही २०२१ साली इथला कारभार आवरता घेण्याचं जाहीर केलं. ऑइल फिल्टर, ब्रेक लायनर असे नेहमीचे भाग मिळतात. पण हेडलाइट, बंपर, काच असं काही फुटलं, की मुंबईत कुर्ल्याच्या बाजारापासून शोध सुरू होतो.

किंमत म्हणजे फक्त पहिला हप्ता

जुन्या गाडीची किंमत हा खर्चाचा शेवट नसतो, सुरुवात असते. माझं सांगणं असं, की जेवढ्याला गाडी घ्याल, त्याच्या निदान निम्मे पैसे पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढा. गाडी दीड लाखाची असेल, तर घरातून सव्वादोन लाख जाणार असं धरूनच होकार द्यायचा. सव्वादोन झेपत नसतील, तर दीड लाखाची गाडीही झेपत नाही असं समजा. वर्षाअखेर पैसे उरले तर उत्तमच!

पेट्रोलचा हिशेब वेगळा. या गाड्या गावातल्या गर्दीत लिटरला दहा किलोमीटर देतात असं धरून चाला. महिन्याला ५०० किलोमीटर फिरणं झालं, तर ५० लिटर पेट्रोल लागेल. भाव लिटरला शंभर रुपये धरला, तरी पाच हजार झाले, म्हणजे वर्षाचे साठ हजार. हा आकडा कागदावर मांडून सगळ्यांच्या समोर ठेवा. पुष्कळदा तेवढ्यानेच निम्मा निर्णय होऊन जातो.

आधी कागद, मग गाडी

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. वर सांगितलेल्या बहुतेक गाड्या आता त्या पलीकडे गेल्या आहेत. पुढे आरटीओकडे गाडी दाखवून, तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. ती फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० वर गेली. वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी २०२५ साली ती १०,००० झाली. आपल्या राज्यात पर्यावरण कर आणखी निराळा. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: “आरसीची मुदत कधीपर्यंत आहे?” मुदत संपलेली असेल, तर नोंदणी विकणाऱ्याने वाढवून द्यावी आणि मगच पैसे घ्यावेत. “ते काय, एजंट करून देईल” या उत्तरावर विसंबू नका.

गाडीचा नंबर घेऊन परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतं: मालक कितवा, नोंदणी कधीची, विमा चालू आहे का, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का. थकलेला दंडही तसाच कळतो. मालकाने पूर्वी कर्ज काढलं असेल, तर ते फेडल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हवा. आरसीवरून बँकेचं नाव निघाल्याशिवाय व्यवहार करू नये.

गाडी परराज्यातली असेल तर जास्त सावध राहा. दिल्ली आणि आसपासच्या भागात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंधन आलं. तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांकडे वळल्या. अशा गाडीला तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८ लागतो आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. तो धरला, की स्वस्ताई कुठल्या कुठे जाते.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. आपल्याच राज्यातली गाडी असेल, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा आपल्या नावावर करून घेण्याचा अर्जही चौदा दिवसांत द्यायचा. विकणाऱ्याचा ‘नो क्लेम बोनस’ गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही, तो त्याचाच असतो.

आणि हे खास आपल्यासाठी. आरसीवर वारसदार म्हणून एकाचं नाव नोंदवण्याची सोय २०२१ पासून झाली आहे. गाडी यजमानांच्या नावावर होणार असेल, तर तिथे तुमचं नाव घालायला सांगा. मागाहून आरटीओच्या खेपा वाचतात.

पाहायला जा सकाळी, आणि न सांगता बॉनेटला हात लावा

गाडी संध्याकाळी दिव्याच्या उजेडात कधीही पाहू नये. सकाळी लवकर जावं. गेल्याबरोबर बॉनेटवर तळहात ठेवा. ते गरम लागलं, तर आपण येण्यापूर्वी गाडी चालू करून ठेवली होती. थंड इंजिन ज्या खोडी दाखवतं, त्या गरम झाल्यावर झाकल्या जातात. तेव्हा खुशाल सांगा, “आम्ही उद्या येतो, तोवर चालू करू नका.”

थंड गाडी चालू केली, की मागे सायलेन्सरपाशी उभ्या राहा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतं आहे, मोठा खर्च. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातं आहे. थंडीच्या दिवसांत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येते, तिला घाबरू नका. पण गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट इंजिनात शिरतं आहे. मग गाडी बंद करून ऑइल भरायच्या झाकणाची आतली बाजू पाहा. तिथे दुधाच्या सायीसारखा पिवळट थर दाटलेला दिसला, तर तेल आणि पाणी एकत्र झाल्याची शंका घ्यावी. तिथूनच परत फिरायचं.

रेडिएटरचं झाकण मात्र गाडी गरम असताना कुणालाही उघडू देऊ नका. शिट्टी न काढता कुकर उघडला तर काय होतं, ते आपल्याला सांगायला नकोच.

आता पत्रा. घरातल्या फ्रिजवरचं एखादं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून बरोबर न्या. दारं, मडगार्ड, डिकीच्या कडा यांवर ते हलकेच लावत जा. पत्र्याला ते चिकटतं. जिथे सडलेला किंवा ठोकलेला भाग लांबी भरून, वर रंग मारून झाकलेला असतो, तिथे ते निसटतं. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे नाही चिकटलं तर विकणाऱ्याशी वाद घालू नका! दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, तेही पाहा. ब्लाउजचे दोन खांदे वर-खाली असले तर आपल्याला लांबून दिसतं, तसंच हे. कोकणात किंवा समुद्राकाठी राहिलेल्या गाडीचं तळ जॅकवर चढवून पाहावं. खाऱ्या हवेचा गंज खालून लागतो.

पुरात बुडालेली गाडी ओळखणं फार महत्त्वाचं. २६ जुलै २००५ ला मुंबईत, २०१९ ला सांगली-कोल्हापुरात, २०२१ ला चिपळुणात किती गाड्या पाण्याखाली गेल्या! त्यांतल्या पुष्कळ धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. अशा गाडीचं वायरिंग पुढे कधी दगा देईल, नेम नसतो. म्हणून पायाखालचं कार्पेट उचलून हात फिरवा, वास घ्या. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का पाहा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. वरचा भाग स्वच्छ आणि आतल्या टोकाला गढूळ डाग असला, तर काय ते समजा.

मीटरवरच्या किलोमीटरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. मीटर पन्नास हजार दाखवतो आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग झिजून चकचकीत, ड्रायव्हरची सीट खचलेली, असं कसं होईल? सर्व्हिसची जुनी बिलं मागा. ज्याने बिलं जपली, त्याने गाडीही जपलेली असते, असं बहुधा दिसतं.

एक फेरी मारा, पण वेगाची नव्हे

विकणारा तुम्हाला मोकळ्या रस्त्यावर नेऊन वेग दाखवील. यजमान खूश होतील. तुम्ही मात्र म्हणा, “आता जरा खराब रस्त्याने आणि गर्दीतून घ्या.” खड्ड्यात खालून खडखड आवाज आला, तर बुश, लोअर आर्म, शॉकअप यांपैकी काहीतरी गेलं आहे. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का? चढावर ॲक्सिलरेटर दिला, की इंजिन ओरडतं पण गाडी पुढे सरकत नाही, असं होतं का? मग क्लच आला. चौकात उभं असताना तापमानाचा काटा चढतो का? एसी लावल्यावरही पाहा.

शेवटी आपल्या विश्वासातला मेकॅनिक घेऊन या. विकणाऱ्याने सुचवलेला चालणार नाही. आणि त्याने तपासणीचे पैसे मागितले, तर घासाघीस करू नका. हजार-दोन हजारांत लाखाचं नुकसान वाचतं.

एक इशारा. गाडी खाली बसवलेली, सायलेन्सर बदलून मोठा आवाज केलेला, आतून काहीबाही छेडछाड केलेली असली, तर दुरूनच नमस्कार करा. आरसीत नाही असा बदल कायद्याला चालत नाही. सीएनजीचा किट बसवला असेल, तर त्याचीही नोंद आरसीवर हवीच. शिवाय अशी गाडी आधीच्या मालकाने कशी पळवली असेल, ते सांगायला ज्योतिषी नको.

जीव आधी, वेग नंतर

व्हीटेक, आयकॉन, लॅन्सर यांच्या बहुतेक गाड्यांत एअरबॅग नाहीत. आजच्या साध्या गाडीत असते तेवढीही सुरक्षितता त्यांत नाही, आणि वेग मात्र भरपूर आहे. हे मुलासमोर स्पष्ट बोलावं. चिडून बोलू नये, पण टाळूही नये. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, हा घरचा नियम करा. मागचे पट्टे सीटखाली दडपलेले असतात, ते आधी बाहेर काढा.

होंडाची त्यानंतरची सिटी, सिविक किंवा अ‍ॅकॉर्ड घेत असाल, तर आणखी एक चौकशी करा. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमध्ये दोष निघाल्याने होंडाने भारतातही अशा पुष्कळ जुन्या गाड्या बोलावून तो भाग फुकट बदलून दिला. चेसिस नंबर कंपनीला दिला, की आपल्या गाडीचं काम झालं आहे की राहिलं आहे, ते कळतं.

टायरची नक्षी चांगली दिसली, तरी त्याचं वय पाहा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचं रबर कडक झालेलं असतं. वेगवान गाडीला असे टायर म्हणजे पावसात ओल्या फरशीवर गुळगुळीत चपला!

घरी आणल्यावर

गाडी घेतली, पेढे वाटले, आता लोणावळ्याला जाऊ या, असं करू नका. पहिला मुक्काम गॅरेज. इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल हे सर्व नवं घाला, आधीचा मालक काहीही सांगो. आणि टायमिंग बेल्ट! सिटी, लॅन्सर आणि ऑक्टाव्हिया आरएस यांच्या इंजिनात हा रबरी पट्टा असतो. (आयकॉन १.६ मध्ये साखळी आहे.) तो बदलल्याचं बिल हातात नसेल, तर बदललेला नाही असंच धरा. धावत्या गाडीत तो तुटला, तर व्हॉल्व्ह वाकून इंजिनच उघडावं लागतं. पट्ट्याबरोबर त्याचा टेन्शनर आणि वॉटर पंपही बदलून घ्यावा, कारण मजुरी एकदाच पडते.

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. या जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. पेट्रोलच्या रबरी नळ्या, वॉशर लवकर कडक होतात, चिरतात. मेकॅनिककडून त्या तपासून, गरज असेल तर नव्या घालून घ्या. बॉनेट उघडताना पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालू न करता आधी त्याला बोलवा.

पुढची निगा आपल्या रोजच्या कामांसारखीच आहे, नेमाने केली की सोपी:

दर आठवड्याला एकदा तरी वीस मिनिटं गाडी बाहेर काढावी. नुसती उभी ठेवली, की बॅटरी उतरते आणि उंदीर वायरी कुरतडतात. दर पंधरा दिवसांनी सकाळी ऑइलची पट्टी पुसून पातळी पाहा, कूलंटच्या बाटलीवर नजर टाका आणि टायरची हवा तपासा. पावसाळ्यापूर्वी काचेखालच्या जाळीतली वाळकी पानं काढा, नाहीतर पाणी तुंबून आत येतं. वायपरची रबरं तेव्हाच बदला. गाडी कमी फिरली, तरी वर्षातून एकदा ऑइल बदलायचंच. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. टर्बोची गाडी असेल, तर लांब वेगाने आल्यावर लगेच किल्ली फिरवू नका, मिनिटभर तशीच चालू ठेवून मग बंद करा.

दूध-किराण्याच्या वहीसारखी गाडीचीही एक वही करा: तारीख, किलोमीटर, काय काम केलं, किती पैसे. गॅरेजमध्ये बदललेला जुना भाग परत मागा. मग बिलात उगाच भर पडत नाही. पुढे गाडी विकायची वेळ आली, तर ही वहीच तिची किंमत वाढवील.

पाहायला जाताना पर्समध्ये ठेवा

• फ्रिजवरचं लोहचुंबक आणि मऊ फडकं
• छोटी बॅटरी, तळ आणि सीटखाली पाहायला
• पांढरा कागद किंवा टिश्यू, ऑइलची पट्टी पुसायला
• वही-पेन. आरसी, चेसिस आणि इंजिन नंबर लिहून घ्या, गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहा
• चेकबुक मात्र घरी ठेवा! पहिल्या भेटीत विसार द्यायचा नाही

इतकं पाहून, पुरेसे पैसे बाजूला काढून गाडी दारात आणली, तर मग मनात किंतू ठेवू नका. जपलेली जुनी सिटी किंवा ऑक्टाव्हिया आजही घाट चढताना जो आनंद देते, तो पुष्कळ नव्या गाड्या देत नाहीत. आणि दुसरी किल्ली मागायला विसरू नका. ती तुमच्या पर्समध्ये असू द्या. चालवता येत नसेल तर शिका. जिच्या शिलकीतून गाडी आली, तिने ती नुसती मागे बसून का पाहावी?